बारा इंचांत न मावलेलं लग्न

५ मार्च २००७, सोमवार

आज लॅपटॉप आला. नवेदभाईने, माझ्या थोरल्या भावाने, भिवंडीहून एसटीच्या कंडक्टरकडे दिला होता, साडीच्या खोक्यात, वरून माझीच जुनी ओढणी गुंडाळून. त्याच्या ऑफिसातला जुना आहे, पण चालतो. बॅटरी दीड तास टिकते. जव्हारला सध्या सकाळी चार तास आणि दुपारी चार तास लाइट नसते, तेव्हा आमच्या फोटो स्टुडिओतला मोठा कॉम्प्युटर म्हणजे टेबलावर ठेवलेला धोंडा. यावर निदान दीड तास तरी काम रेटता येईल.

नवेदभाईची अट अशी, की मेअखेरपर्यंत वापर, काम चाललं तर ठेव, नाहीतर माझा मला परत कर. माझ्या नवऱ्याची, तौसीफची, अट वेगळी. या सीझनचे लग्नाचे अल्बम मी घरी करायचे. गिऱ्हाईक खूश झालं तर पुढेही मीच करायचे, नाहीतर सगळं पूर्वीसारखं नाशिकच्या लॅबला आणि मी स्वयंपाकघरात. लग्न होऊन आठ महिने झाले. भिवंडीत डीटीपीचा कोर्स पहिल्या नंबराने केला, तो काय इथे तांदळाच्या भाकऱ्या थापायला? दाखवतेच एकेकाला.

ही वहीही आजपासून. माझी शाळा मराठी, आणि अम्मी (माझ्या सासूबाई, खैरुन) शिकल्या उर्दू शाळेत. त्यामुळे मनात येईल ते लिहायला मोकळीक आहे.

८ मार्च

स्क्रीन बारा इंची. फोटोशॉप उघडलं की डावीकडे टूलबॉक्स, उजवीकडे एकाखाली एक पॅलेट, म्हणजे छोट्या छोट्या चौकटी, वर मेनू, खाली विंडोजची पट्टी. हे सगळे पाहुणे बसल्यावर घरधन्याला, म्हणजे फोटोला, जागा उरते पोस्टकार्डाएवढी. नवरीचा चेहरा मोठा केला तर कपाळ दिसतं आणि हनुवटी पॅलेटखाली जाते. दिवसभर पॅलेट इकडून तिकडे सरकवण्यात बॅटरी संपली.

तौसीफला सांगितलं तर म्हणतो, "नाचता येईना, अंगण वाकडं."

म्हटलं, "अंगणच नाहीये, नाचू कुठे? चुलीवर?"

हसला. हसायला काय जातंय!

११ मार्च, रविवार

आज जागा सापडली!

चुकून टॅबचं बटण दाबलं गेलं आणि टूलबॉक्स, पॅलेट, सगळं गायब. म्हटलं, नवेदभाईचा लॅपटॉप बिघडवला. घाबरत घाबरत परत तेच बटण दाबलं, तर सगळं जागच्या जागी. मग तासभर तोच खेळ. एफ दाबलं की फोटो अख्ख्या स्क्रीनवर पसरतो, आणखी एकदा दाबलं की वरचा मेनूही जातो आणि मागे नुसता काळोख. खालची पट्टीसुद्धा लपवून टाकली. हत्यारांची अक्षरं पाठ केली, एस म्हणजे स्टँप (फोटोतला एक तुकडा उचलून दुसरीकडे छापायचा), पी म्हणजे पेन, म्हणजे टूलबॉक्स लागतच नाही. स्पेस दाबून धरलं की फोटो हाताने ओढता येतो.

शेवटी नॅव्हिगेटर नावाचं एक पॅलेट कायमचं बंद केलं. त्यात अख्खा फोटो काडेपेटीएवढा दिसतो आणि आपण त्यात कुठे आहोत ते लाल चौकटीने कळतं. मी कुठे आहे ते मला ठाऊक असतं. उगाच जागा अडवून बसायचं ते.

अम्मींनी मी बसते तिथल्या खिडकीला जाड काळा पडदा लावला. विचारलंसुद्धा नाही. सुनेने रस्त्याकडे बघायचं नाही, दुसरं काय! पडद्यामुळे स्क्रीनवरची चमक गेली हे मात्र खरं.

२० मार्च, मंगळवार

साखरशेतच्या पाड्यावरचं परवाचं लग्न आलं. दोनशे चौदा फोटो. नवरा लाडक्या, नवरी फागी. दोघं आठ वर्षं एकत्र राहतात, दोन मुलं आहेत, आणि लग्न आत्ता! मी तोंडावर हात ठेवला. तौसीफ म्हणाला, इकडे अशी पद्धत आहे, त्यात काही वावगं नाही. लग्नाला अख्खा पाडा जेवतो, तेवढी ऐपत येईस्तोवर थांबतात. हे दोघं चार वर्षं वीटभट्टीवर जाऊन आले तेव्हा लग्न निघालं.

आठ वर्षं थांबलेत म्हटल्यावर अल्बम झकास व्हायला हवा. पण तौसीफने फोटो काय काढलेत! एक म्हातारी प्रत्येक फोटोत आहे. नवरा-नवरीच्या मध्ये ही, घरात ही, मांडवात ही. तोंड उघडं, कधी हात वर, कधी नवरीचं मनगट धरलेलं. भिवंडीत आमची एक खाला (मावशी) अशीच होती, व्हिडिओवाला दिसला की पुढे पुढे करायची. पण तीसुद्धा इतकी नव्हती गं बाई.

आणि लग्न लावणाऱ्याचा एकही फोटो नाही. दोनशे चौदांत भटजी एकदासुद्धा नाही! असा कसा हा फोटोग्राफर? विचारायला बाहेर गेले तर मोखाड्याची जीप हॉर्न देत होती आणि तौसीफ बॅग घेऊन पळत होता. पळता पळता म्हणाला, "मधली गर्दी साफ कर, जोडी नीट दिसू दे. बाकी तू बघ."

बघते.

२३ मार्च

दोनशे टक्क्यांवर काम करते आहे. इतकं मोठं केलं की स्क्रीनवर एका वेळी वीतभर भिंत नाहीतर कोणाचा तरी कान. टॅब दाबायचं, सगळं लपवायचं, आणि स्टँपने म्हातारीवर भिंत चढवत जायचं. आधी केस, मग खांदा, मग हात. मागची भिंत गेरूची लाल, तिच्यावर पांढरी नक्षी, फार बारीक. ती जुळवताना डोळ्यांतून पाणी आलं. जिथे अगदीच जुळेना तिथे जोडी कापून घेतली आणि मागे बर्फाचे डोंगर टाकले. छान दिसतात.

अम्मी चहा ठेवायला आल्या आणि खांद्यावरून वाकून बराच वेळ बघत राहिल्या. "वो बुढ़िया किधर गई?"

"काढली. सारखी मध्ये येत होती."

"हूं." कप टेबलावर ठेवून म्हणाल्या, "तौसीफ से पूछ ले एक बार."

घ्या! यांना वाटतं, मुलाला विचारल्याशिवाय सुनेला काही कळतच नाही. आमचे सासरे होते तेव्हा यांनी म्हणे पंचवीस वर्षं प्रिंटवर ब्रशाने टचिंग केलं होतं. तो जमाना वेगळा. मी नाही विचारलं.

२६ मार्च, सोमवार

काम करता करता मेसेज आला, डिस्क भरली, पुढे जाता येत नाही. आधी स्क्रीनवर जागा नव्हती, आता पोटात नाही. काय काढू म्हणून बघितलं तर मूळ फोटोंचं फोल्डर सगळ्यात जड. आपले तर सगळे सुधारून झालेत, जुन्यांची गरज काय? उडवलं. कचरापेटीही रिकामी केली. लॅपटॉप असा पळायला लागला म्हणता! कॅमेऱ्याचं कार्डही तौसीफने दुसऱ्या लग्नाला वापरलंय, तेव्हा पसारा कुठेच नाही.

एकच उणीव होती, भटजीची. मोखाड्याच्या वाण्यांच्या लग्नातला एक भटजी माझ्याकडे होता, छान गोरा, हात उंचावून अक्षता टाकणारा. तो कापून लाडक्या-फागीच्या मागे उभा केला. सावलीसुद्धा टाकली. आता कसं लग्न वाटतंय.

३० मार्च

सीडी नाशिकला गेली. एकूण एकतीस फोटोंतून म्हातारी काढली. एकाही ठिकाणी खूण सापडणार नाही, पैज लावते. तौसीफने सीडी बघितलीसुद्धा नाही, कारण त्याची रोज धावपळ. विश्वास टाकला माझ्यावर, आणखी काय हवं!

१७ एप्रिल

अल्बम आला. मखमली कव्हर, वर सोनेरी अक्षरात फागी आणि लाडक्या. मी तीनदा चाळला. माझं काम इतकं सुंदर मी पहिल्यांदाच कागदावर पाहिलं. परवा ती माणसं येणार.

१९ एप्रिल, गुरुवार

आज सगळं लिहिते.

सकाळी दहाला लाडक्याची आई रुपीबाई, लाडक्या आणि फागी आले, फागीच्या कडेवर धाकटी मुलगी. मी मुद्दाम काउंटरशी उभी राहिले, कौतुक ऐकायला. पहिलं पान उघडलं. रुपीबाई म्हणाली, "हा बरफ कुठला?" तिघंही हसले. मला बरं वाटलं. दुसरं पान, तिसरं पान. मग ती थांबली, उलटी मागे आली, परत पुढे गेली.

"जिजा कुठं हाय?"

मी म्हटलं, "कोण जिजा?"

"जिजा. धवलेरी आमची."

तौसीफने मान वर केली. त्याने तिच्या हातून अल्बम ओढून घेतला आणि भराभर पानं उलटली. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. मला अजून काही कळत नव्हतं.

इतक्यात लाडक्याने बोट ठेवलं. "आई, ह्यो भटजी कोन?"

रुपीबाई वाकून बघत म्हणाली, "आपल्या लगनात कधी आला ह्यो? जेवला का?"

कोणी हसलं नाही. फागी हळूच म्हणाली, "मंग आमचा लगीन लावला कोनी?"

तेव्हा तौसीफने मला उर्दूत दोन वाक्यांत सांगितलं. या पाड्यांवर लग्न भटजी लावत नाही. बाई लावते, तिला धवलेरी म्हणतात. ती गाणी म्हणून देवांना बोलावते, जोडीचे हात हातात देते, आणि तिचं गाणं पुरं झाल्याशिवाय लग्न लागत नाही. मी एकतीस फोटोंतून जी पुसली ती लग्न लावणारी होती. या अल्ला! जमीन फाटती तर आत गेले असते.

तौसीफ त्यांच्याकडे वळून म्हणाला, "मावशी, कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. रोग असतो मशीनचा. त्याने फोटो उडवले."

"आनि भटजी?"

तौसीफने अल्बमचं ते पान उलटून टाकलं.

रुपीबाईने अल्बम मिटून काउंटरवर ठेवला. "आठ वरसं थांबलो रं. ह्यो पाड्यात दाखवला तर लोक म्हनतील, लगीन लागलाच नाय. जिजा नाय तर अल्बम नको." आणि गेली. फागीने जाताना कव्हरवरच्या अक्षरांवरून एकदा हात फिरवला. तिला वाचता येत नाही. ते मला बघवलं नाही.

मूळ फोटो कुठे आहेत, तौसीफने विचारलं. उडवले, मी म्हटलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. साखरशेतची आणखी तीन लग्नं आपल्याकडे ठरलीत, ती आता जातील, म्हणाला. मग म्हणाला, "नवेदभाईला फोन कर. लॅपटॉप घेऊन जायला सांग."

२० एप्रिल

फोन केला नाही. दिवसभर विचार करत होते, की चूक कोणाची? तोच म्हणाला ना, मधली गर्दी साफ कर म्हणून? मग खापर एकटीवर का? पण हे घोळवत असतानाच अम्मींचं वाक्य आठवलं, तौसीफ से पूछ ले. त्या जिजाबाईला ओळखत होत्या. नक्की ओळखत होत्या. मग तोंडावर का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, हेही खरंच. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, तशातली गत माझी.

संध्याकाळी भाकरी भाजताना अम्मी म्हणाल्या, "जिसको निकाला, उसके पास जा." एवढंच. टोमणा होता की सल्ला, कळलं नाही.

२४ एप्रिल, मंगळवार

गेले. जिजाबाई दुसऱ्या एका पाड्यावर लग्न लावत होती आणि त्या लग्नाचे फोटो तौसीफकडेच होते. त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसून गेले.

माझा बेत पक्का होता. जिजाबाईचे भरपूर फोटो काढायचे आणि तिला कापून लाडक्या-फागीच्या मध्ये परत बसवायची. लुगड्याचा रंग बदलता येतो, उजेड जुळवता येतो. तौसीफ मांडवात होता, मी त्याचा जुना कॅमेरा घेऊन आत बायकांत बसले.

आत भिंतीवर पांढऱ्या तांदळाच्या पिठाने मोठा चौक काढलेला होता. मी जिला नक्षी समजून स्टँप मारत बसले ती हीच. त्यात देवी असते म्हणे. जिजाबाई समोर बसून गात होती. गाणं संपेल म्हणून मी वाट बघत होते, ते तीन तास चाललं. तोंड उघडं दिसत होतं ते यामुळे. मधूनच ती हात वर करी, की बायका उठत. ती नवरीचं मनगट धरी, की नवरी चालू लागे. ती थांबली की सगळा मांडव थांबायचा. गळा पातळ, थकलेला, पण ऐकताना कोणी कुजबुजलंसुद्धा नाही. मी दहा-बारा फोटो काढले आणि मग काढायचंच विसरले.

संपल्यावर ती बाहेर पाणी पीत बसली तेव्हा जवळ जाऊन सगळं सांगितलं. म्हणजे तौसीफने सांगितलेलं, व्हायरसचं. आणि म्हटलं, आजच्या फोटोतून तुम्हाला तिकडे बसवते, कोणाला कळणार नाही.

तिने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "नको. आज बोलावले ते ह्या घरचे देव. हितली मी तिकडं नेऊन लावू नको. तिकडचा गाना वेगळा, नावं वेगळी." मग म्हणाली, "मशीनीला रोग झाला?"

"हो."

"तिला बाकी सगळी बरी दिसली? कुत्रासुदा ऱ्हायला म्हनं फोटूत. मीच नको झाली?"

मी कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिले.

ती उठली, लुगडं झटकलं. "साखरशेतला ये येत्या आयतवारी. मी बी येते. पाड्यात सांग कोनी काढली ती. मंग बघू."

परत येताना तौसीफ पहिल्यांदा बोलला. "काहीही होवो, व्हायरसच म्हण. एकदा सांगितलंय ते सांगितलंय. नाहीतर लोक म्हणतील, हे खोटारडे."

"आहोतच ना आपण," मी म्हटलं. त्याने गाडी जोरात हाणली.

२८ एप्रिल

उद्या रविवार. खरं सांगितलं तर तौसीफ तोंडघशी पडतो. खोटं सांगितलं तर जिजाबाई उठून जाणार आणि तीन लग्नं, अल्बम, लॅपटॉप सगळं बुडणार. आगीतून फुफाट्यात. आणि सगळ्यांसमोर उभं राहून मी मूर्ख आहे असं म्हणायचं? शाळेत सरांपुढेही कधी म्हटलं नाही. अम्मींना म्हटलं, पोट दुखतंय, उद्या नाही जाणार. त्यांनी ओवा दिला आणि माझी चांगली ओढणी इस्त्री करून खुंटीला लावली.

२९ एप्रिल, रविवार

फागीच्या घरी सगळा पाडा जमला होता. पन्नासेक माणसं असतील. जिजाबाई उंबऱ्याशी बसलेली. आत भिंतीवर त्यांच्या लग्नातला चौक अजून होता, धुराने जरा मळलेला. रुपीबाई म्हणाली, पावसाआधी भिंत सारवायची आहे, तोवर ऱ्हातो.

तौसीफ पुढे झाला आणि घसा खाकरला. तो व्हायरस म्हणणार हे मला कळलं. त्याच्या आधी माझं तोंड उघडलं, कसं ते सांगता येणार नाही.

"मशीनचा दोष नाही. मी काढली. हाताने काढली, चार दिवस बसून. भटजीही मीच आणून उभा केला."

जिजाबाईने विचारलं, "का काढली?"

मी खाली बघत म्हटलं, "सारख्या मध्ये येत होत्या."

मग रुपीबाईच्या नाकातून फुर्रकन आवाज आला आणि अख्खा पाडा हसत सुटला. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. लाडक्या तर खाली बसला. कोणीतरी ओरडलं, "जिजा मध्ये येते! चाळीस वरसं मध्येच येते ती!" मला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मलाही हसू फुटलं, रडता रडता.

जिजाबाई हसली नाही. सगळं शांत झाल्यावर म्हणाली, "मध्ये नाय तर कुठं जाऊ, बाय? त्यांचे हात कोन धरनार, तू?" आणि उठून आत गेली आणि चौकासमोर उभी राहिली. "काढ फोटू."

फागीने लग्नाची साडी नेसली. लाडक्याने टोपी घातली. दोन्ही मुलं, रुपीबाई, करवल्या, कोण कोण आत शिरलं. मी तौसीफकडे बघितलं. त्याचे कान लाल होते. पण त्याने गळ्यातला चांगला कॅमेरा काढला आणि माझ्या हातात दिला. "तूच काढ," म्हणाला. खोली लहान, माणसं अकरा. सगळी मावेपर्यंत मी मागे मागे सरकत गेले, पाठ भाताच्या कणगीला टेकली. मग सगळी आली. बरोबर मध्ये जिजाबाई.

८ मे, मंगळवार

पहिलं पान नवीन करून आणलं. तोच फोटो, पानभर, कुठेही हात न लावता. दाराशी बसलेलं कोंबडंसुद्धा ठेवलं. खाली खरी तारीख घातली, २९ एप्रिल. लग्नाची तारीख घालायचा मोह झाला होता, पण कानाला खडा. भटजीचं पान काढून टाकलं. बाकीच्या पानांत जिजाबाई नाही ती नाहीच, ते फोटो कोणाला परत आणता येणार नाहीत. तसं रुपीबाईला तोंडावर सांगितलं.

तिने पहिलं पान खूप वेळ बघितलं. एकेकावर बोट ठेवून मोजलं. मग म्हणाली, "हाय. सगळी हायत." अल्बम ओढणीत बांधून फागीच्या डोक्यावर दिला. बर्फाचं पान काढू का विचारलं, तर लाडक्या म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. गार वाटतं."

पुढच्या तीन लग्नांचं काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

११ मे

साखरशेतहून निरोप आला. तीनपैकी दोन लग्नं आपल्याकडे, तिसरं विक्रमगडच्या कोणा दुसऱ्याकडे गेलं. निरोपात आणखी एक होतं, घरातल्या विधींना फोटोवाल्या बाईला पाठवा, बायका मोकळ्या बसतात. तौसीफने तो निरोप मला दोनदा सांगितला, जणू पहिल्यांदा सांगितलाच नव्हता. मग नवेदभाईला फोन लावला. "लॅपटॉप अजून लागेल," म्हणाला. "नाही, न्यायला येऊ नका. नाही हो, तीच करते सगळं."

मी आत भांडी घासत होते. घासलेलंच पातेलं परत घासलं.

१४ मे, सोमवार

आज दुपारी स्टुडिओत जिजाबाई आली. बाजारासाठी आली होती, काठी टेकत पायऱ्या चढली. मला वाटलं, आणखी काही राहिलं. अम्मींनी तिला पाणी दिलं, शेजारी बसवलं. दोघी एकमेकींना नावाने ओळखतात, हे मला आज कळलं.

साखरशेतचा फोटो बघायचाय म्हणाली. लॅपटॉपवर अख्खा उघडला. ती जवळ सरकून बघत राहिली. म्हणाली, "चाळीस वरसं लगनं लावते. माझा फोटू सगळ्यांच्या घरी हाय. माझ्या घरी एक नाय."

"याचा मोठा करून देते तुम्हाला."

"ह्यो नको." तिने स्क्रीनवर बोट फिरवलं, फागीवरून, लाडक्यावरून, रुपीबाईवरून. "ही सगळी काढ. मला ठेव आनि चौक ठेव. तुला येतं ना त्या?"

अम्मींनी तोंडात पदर कोंबला. मी म्हटलं, येतं.

१७ मे, गुरुवार

दहा माणसं काढायची म्हणजे खेळ नाही. आज लाइट होती तेवढा वेळ बसले. करवल्या गेल्या, मुलं गेली, रुपीबाई गेली. मूळ फोटो दोन सीडींवर ठेवलाय आणि एक सीडी अम्मींच्या पेटीत. तौसीफ येता-जाता बघतो आणि पंखा माझ्याकडे वळवून जातो.

फागी आणि लाडक्या काढले तेव्हा अडले. त्यांच्या मागे चौकाचा मोठा तुकडा झाकला गेला होता. तिथे काय असतं ते मला माहीत नाही. डावीकडची नक्षी उचलून स्टँप मारली तर भिंत पुरी दिसेल, कोणाला काही कळणार नाही. मला येतं ते. दोन ठिपके मारून बघितलेसुद्धा, आणि लगेच उलटे फिरवले.

जिजाबाई शनिवारी येणार आहे. तेवढी जागा कोरी ठेवलीये. तिला शेजारी बसवून विचारीन, इथे काय होतं.